एकजीव दिसलं म्हणून समांगी होत नाही

मिश्रण समांगी (सगळीकडे सारखंच मिसळलेलं) की विषमांगी, हे ओळखायची सोपी खूण सांगतात, ‘डोळ्यांना एकसारखं दिसलं की समांगी’. परीक्षेपुरतं चालेल, पण दूध तिथेच फसवतं. ते कलिल, म्हणजे न विरघळता तरंगत राहिलेल्या अतिबारीक कणांचं मिश्रण, म्हणून विषमांगी. ग्लासभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून अंधारात मोबाईलचा टॉर्च मारा, प्रकाशाचा पट्टा दिसतो. मिठाच्या पाण्यात दिसत नाही.

एक भर घालतो. समांगी-विषमांगी हा शिक्का कायमचा नसतो. आमच्या सोलापुरात चादरी-टॉवेलचं सूत रंगवतात, त्यात व्हॅट रंग (नीळ त्यातलीच) असेल तर बघण्यासारखं असतं. त्याची पूड पाण्यात विरघळतच नाही. कितीही ढवळा, नुसतं निलंबन, जरा ठेवलं की तळाला गाळ. मग कॉस्टिक सोडा आणि हायड्रो घालतात (सोडियम हायड्रोसल्फाइट असं पूर्ण नाव घेतो कोण!). क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होऊन रंग विरघळतो. नीळ असेल तर पाणी चक्क पिवळट-हिरवं होतं. त्यात मुरलेली सुताची लडी बाहेर काढून हवेत धरली की ऑक्सिजन लागून बघता बघता निळी. म्हणजे रंग पुन्हा अविद्राव्य झाला, फक्त आता धाग्याच्या आत अडकलाय. व्हॅट रंग धुण्यात सहजी निघत नाहीत ते त्यामुळेच.