भुलाबाईची गाणी: कोणता पाठ धरायचा?

बर्डीवाली: यंदा आमच्या सोसायटीत पहिल्यांदाच भुलाबाई, म्हणजे मुलींचा फेराच्या गाण्यांचा सण, बसवतोय. नागपूरच्या चितारओळीतून, मूर्तिकारांच्या वस्तीतून, भुलाबाई-भुलोजी आणायचे ठरलंय, गाणी मात्र अडली आहेत. माझी आजी आर्वीची, ती म्हणायची 'कारल्याचं बी पेर गं सुनबाई'. पुण्याच्या वहिनी म्हणतात 'कारल्याचा वेल लाव गं सुने'. जळगावच्या काकू तर भुलाबाईलाच गुलाबाई म्हणतात. मुलींसाठी गाण्यांची पानं छापायची आहेत. यातला बरोबर पाठ कोणता?

जोंधळा: काऊन एकच पायजे वो ताई? तिन्ही छापा.
तिकडे पुण्याकडचा भोंडला हस्त नक्षत्रातला, पाटावर हत्ती आणि त्याच्याभोवती फेर. आपल्याकडे विदर्भात मातीचं जोडपं, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुक्काम, हातात टिपऱ्या. म्हणून तिकडे सुरुवात 'ऐलमा पैलमा गणेश देवा' अशी, आणि आपल्या गाण्यांत भुलोजी येतो. सासर-माहेराची गाणी मात्र दोन्हीकडची. ती लेकींसोबतच गावोगाव गेली, आणि जिथं नांदली तिथली बोली त्यांना लागली. आजीचं 'बी पेर' पुस्तकात नसलं म्हणून चूक ठरवू नका, एवढीच विनंती.
आणि 'बाणाबाई बाणा, स्वदेशी बाणा, गाणे संपले खिरापत आणा' हे नक्की घ्या. स्वदेशी चळवळीचा शब्द पोरींच्या खेळात शिरला आणि तिथंच राहिला. मला ही ओळ फार आवडते.

रानजाई: छापण्याआधी ध्वनिमुद्रण करा. मागच्या वर्षी मी मावशीला खुर्चीत बसवून विचारलं, तर दोन कडव्यांवर अडली. टिपऱ्या नव्हत्या म्हणून हातात दोन लाटणी दिली आणि आम्ही तिघी तिच्याभोवती फिरलो. मग सात कडवी न थांबता आली. ठेका सापडला की शब्द येतात.
प्रत्येक गाण्याखाली गाणारीचं माहेर आणि सासर, दोन्ही गावं लिहा. नुसतं 'विदर्भातील' लिहून भागत नाही, सासरी शिकलेलं गाणंही तीच म्हणते. नमुना हवा तर 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. तिथं ओवीसोबत गाणारीचं गावही वाचायला मिळतं.

बर्डीवाली: दोघांचेही आभार. मग कारल्याचं गाणं दोन्ही पाठांसह शेजारी-शेजारी छापते, आर्वी आणि पुणे अशी नावं घालून. गुलाबाईची गाणी काकूंकडून उद्याच घेते. आजी आता नाही, पण तिची धाकटी बहीण हिंगणघाटला आहे. रविवारी जाते, लाटणी घेऊनच.