'सौगात' नेमकी कोणाच्या पैशाची? (चर्चा)

रामबागकर: ३१ मे २०२५ रोजी इंदूर मेट्रोचा गांधीनगरपासूनचा सुमारे सहा किलोमीटरचा, पाच स्थानकांचा टप्पा सुरू झाला, तेव्हा माझ्या मोबाइलवर आलेल्या हिंदी बातम्यांच्या मथळ्यांत 'सौगात', म्हणजे भेट, हाच शब्द वारंवार होता. भेट देणारा स्वतःच्या खिशातून देतो. इथे सुमारे साडेसात हजार कोटींच्या प्रकल्पाचा मोठा हिस्सा कर्जाचा आहे आणि उरलेला केंद्र व राज्याच्या तिजोरीतला, म्हणजे आपणच भरलेल्या करांचा. शिवाय आकडा साडेएकतीस किलोमीटरच्या संपूर्ण मार्गाचा आणि छायाचित्र सहा किलोमीटरचे. मंजूर झालेले, खर्च झालेले आणि अजून लागणारे पैसे हे तीन निरनिराळे आकडे मथळ्यात एकच होऊन बसतात.

निवृत्त उपसंपादक: भाऊ, आपल्याकडे नळाला पाणी आले तरी 'सौगात'च मिळते, त्या शब्दाचा कोशातला अर्थ काढून कोणी वाचत नाही. कर्जाचा तपशील बातमीत खाली असतो, पण तिथपर्यंत वाचक उतरत नाही, हा दोष वार्ताहराचा कसा? मला उलट बाजूची बातमी अधिक खटकते. पहिला आठवडा प्रवास फुकट होता, तेव्हा 'मेट्रोत झुंबड'. तिकीट लागू झाल्यावर 'रिकामी मेट्रो'. जिथे वस्ती अजून विरळ आहे आणि राजवाड्याकडचा, म्हणजे जुन्या शहराचा गजबजलेला भाग जोडलेलाच नाही, तिथे गाडी भरणार कशी, हे एका ओळीत सांगता आले असते.

स्नेहलतागंजची ताई: मला कर्जाचे वावडे नाही, ते लपवण्याचे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जलूदच्या सौर प्रकल्पासाठी आपल्या महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी लोकांकडून घेतलेले कर्ज) विकले आणि 'इंदूरने २४४ कोटी जमवले' अशा थाटाच्या बातम्या आल्या, जणू लॉटरीच लागली. त्यातले थोडे मीही घेतले. वार्षिक सव्वाआठ टक्क्यांचे व्याज सहामाहीला खात्यात पडते, तेव्हा बँकेचा संदेश पाहून मला हटकून आठवते की हे पैसे महापालिकेला फेडायचे आहेत. नर्मदेचे पाणी शहरापर्यंत चढवण्याचे प्रचंड वीजबिल त्या सौर विजेतून कमी होणार असेल तर व्यवहार शहाणपणाचाच. पण परतफेडीची बातमी मी अजून वाचलेली नाही.

रामबागकर: ताईंशी सहमत, उपसंपादकांशी नाही. वाचक खाली उतरत नाही हे ठाऊक असूनही महत्त्वाचे तेवढे खालीच ठेवायचे, ही निवड कोणाची? निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हाही सौगातच होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो काढण्याचा आदेश दिला, तर मथळ्यांत 'मुक्ती'. मधल्या बारा वर्षांत त्या पैशाने किती प्रवासी वाहिले, हा हिशेब मला एकाही बातमीत दिसला नाही.

निवृत्त उपसंपादक: तो हिशेब आधी महापालिकेने मांडायला हवा, भाऊ. माझ्या टेबलावर तो आला असता, तर मथळा मी त्याचाच केला असता.