लोणारचा खरा प्रश्न प्लास्टिकच्या पलीकडचा

पर्यटकांनी टाकलेल्या प्लास्टिकवर होणारी टीका रास्त आहे. पण लोणार सरोवराच्या बाबतीत तो कचरा दिसतो तरी आणि उचलताही येतो. पाण्यात विरघळून येणारी घाण त्याहून घातक आहे. उल्कापातामुळे बेसाल्ट खडकात तयार झालेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या या विवरातून पाणी बाहेर पडायला वाट नाही. ते केवळ बाष्पीभवनाने कमी होते. त्यामुळे काठावरच्या गावातून वाहत आलेले सांडपाणी, शेतातील खते, ‘धार’ या झऱ्यावरच्या अंघोळी-धुण्याचा साबण, यांपैकी जे आत आले ते आतच साठत राहते. अत्यंत क्षारयुक्त पाण्यातच तगणारी सूक्ष्मजीवसृष्टी हे या सरोवराचे मोल आहे, आणि ती नेमकी अशा मिसळीने बिघडते.

जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा गर्दीने छायाचित्रे काढली. पाणी घटून क्षारता वाढल्याने मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो परिणाम होता, म्हणजे तो रंग प्रदूषणाचा नव्हे. (हे दोन विषय कृपया एकत्र करू नयेत.) त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. असा दर्जा मिळाल्याने नाले आपोआप वळत नाहीत. काठावरच्या वस्तीचे सांडपाणी विवराच्या बाहेर शुद्ध करून बाहेरच सोडले जाते का, आणि पाण्याच्या तपासणीचे निकाल नियमितपणे लोकांसमोर ठेवले जातात का, हे दोन प्रश्न आपण नगर परिषदेला आणि वन विभागाला लेखी विचारले पाहिजेत.