२२ ला ४ ने भाग ‘जातो’ म्हणणाऱ्या पोराला काय सांगू?

देवगडातली बाई:
वाडीवरच्या शाळेत सहावीला गणित शिकवते. पट अकरा. ३, ४, ९ च्या कसोट्या पोरं धडाधड म्हणून दाखवतात. परवा फळ्यावर २२ लिहून विचारलं, चारने भाग जातो का? मागून लगेच, “बाईनू, दोन नि दोन चार. जाता!” बाकीच्यांनी माना डोलावल्या. पोराची चूक नाही हो. तीनला अंकांची बेरीज का करायची नि चारला शेवटचे दोनच अंक का बघायचे, हे मी कधी सांगितलंच नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. काय करू?

निवृत्त गुरुजी, गुहागर:
पहिलीतले काड्यांचे गठ्ठे पुन्हा बाहेर काढा. दहाच्या गठ्ठ्यातून तीन-तीन काढत गेलं की एक उरते. शंभरातून ९९ गेल्या, तिथेही एकच. मग २३४ मध्ये शतकांच्या उरल्या दोन, दशकांच्या तीन, सुट्ट्या चार. झाल्या नऊ. अंकांची बेरीज म्हणजे या उरलेल्या काड्या! नऊलाही तेच. चारचं निराळं. शंभरात चार बरोब्बर २५ वेळा बसतो, काही उरत नाही, म्हणून शतकं झाकून टाकायची. दहातून मात्र दोन उरतात, तेव्हा दशकाला सोडता येत नाही. त्या पोराच्या हातात २२ काड्या द्या आणि आपण गप्प बसा.

कलमवाला:
५२८ आंबे डझनात बसतील का, हे विचारा. बेरीज १५, तीनने जातो. शेवटचे २८, चारने जातो. ४४ डझन, म्हणजे चार डझनी ११ पेट्या. फक्त बारासाठी २ नि ६ ची जोडी घेऊ नका. ३० ला दोन्हींनी भाग जातो, बाराने नाही. मी शाळेत इथेच मार खाल्लाय.

डहाणूकर:
पोराला ओरडू नका, त्याने न कळत दुसराच प्रश्न सोडवायला घेतलाय. आमच्या डहाणूत १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर पुढे देवळालीला शाळामास्तर होते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ नाव दिलं. २१ हर्षद, २४ हर्षद. त्यांचा प्रसिद्ध ६१७४ सुद्धा: बेरीज १८, आणि १८ × ३४३ = ६१७४. तुमचा २२ तेवढा नाही. शंभरपर्यंतच्या हर्षद शोधायला लावा, तास कमी पडेल.

देवगडातली बाई:
काड्या कुठल्या, माडाच्या हिरांचे तुकडे केले. २२ मधले दोन हीर उरले तसा तो स्वतःच हसला. मग म्हणतो, “मगे सातचा काय?” बसलो मोजत. दहातून ३ उरतात, शंभरातून २. डहाणूकरांचा ३४३ घेतला: ६, १२ आणि ३ मिळून २१. जातो! हजाराला हीर पुरले नाहीत. उद्या घरचा खराटा घेऊन येतो म्हणालाय. त्याच्या आईला अजून माहीत नाही.