पोर्ट ८० वर प्रोग्रॅम चालेना, सुडोनंच चालवू का?

उद्यमनगरी
नमस्कार मंडळी. शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग येतंय, आम्ही टर्निंग-बोरिंग करून परत धाडतो. चलनांची वही बंद करून मी नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोग्रॅम लिहिला, ऑफिसातल्या जुन्या उबुंटू पीसीवर टाकला. वायफायवरून सगळ्यांच्या मोबाइलवर उघडतोय. पोर्ट, म्हणजे पीसीवर प्रोग्रॅमच्या दाराचा नंबर, ८०८०. एकदम झकास.

अडचण पप्पांची. आकडी पत्ता, मग दोन टिंबं, मग ८०८० असं भिंतीवर खडूनं लिहून दिलंय. पण त्यांच्या फोनला कायम मराठी कीबोर्ड, त्यामुळं दोन टिंबं म्हणून ते विसर्ग देतात! दिसायला तेच, ब्राउझर मात्र सरळ गूगलवर शोधायला जातोय. हे कळायलाच मला दोन दिवस गेले.

म्हटलं ८० वर आणूया, नंबर दिला नाही तर ब्राउझर तिथंच जातो, म्हणजे टिंबांची भानगडच नको. तर 'परमिशन डिनाइड'. ८० वर दुसरं काही चालू नाही, बघितलंय. सुडो लावलं, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं चालवलं, की चालतंय. मग तसंच ठेवू का?

रंकाळ्याचा_वारा
ठेव की भावा. घरातलं वायफाय, कोण येणाराय तुझी चलनं चोरायला?

जुनं_खोड
वरच्यांचं ऐकू नका. १०२४ च्या खालचे पोर्ट रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य अ‍ॅडमिनसाठी राखीव, ही बीएसडी युनिक्सची १९८० च्या दशकातली रीत. तेव्हा एकेका मशीनवर खंडीभर लोक काम करायचे. खालच्या पोर्टवरून कोणी बोलत असेल तर तो त्या मशीनच्या अ‍ॅडमिननंच चालवलेला प्रोग्रॅम, असं समोरचं मशीन धरून चालायचं. आरलॉगिन, म्हणजे दुसऱ्या मशीनवर लांबून लॉगिन करायची सोय, त्याच भरवशावर होतं. भरवसा कधीच गेला, कुलूप तेवढं राहिलंय.

पण म्हणून रूटनं चालवू नका. तुमच्या फॉर्ममध्ये एक चूक राहिली तर अख्खा पीसी उघडा. शिवाय प्रोग्रॅम जी फाइल बनवेल ती रूटच्या नावावर. मी एका दुकानाला असंच करून दिलं होतं. पुढं साध्या यूजरनं चालवायला गेलो तर प्रोग्रॅमला स्वतःचेच फोटो उघडेनात. रविवार गेला.

सेटकॅप ही कमांड वापरा. नोडच्या फाइलला 'कॅप नेट बाइंड सर्व्हिस', म्हणजे खालचे पोर्ट वापरायची, एवढीच मुभा द्यायची.

सिस्टिमडी_प्रेमी
सेटकॅप चालेल, पण ती मुभा फाइलला चिकटते. नोड अपडेट झालं, फाइल बदलली, मुभा गेली. आणि त्या नोडनं जी कुठली स्क्रिप्ट चालेल तिलाही ती मिळते.

त्यापेक्षा सिस्टिमडीची (लिनक्समध्ये प्रोग्रॅम आपोआप चालू करून सांभाळणारी व्यवस्था) सर्व्हिस करा. 'यूजर' मध्ये साधा यूजर, त्याखाली 'अ‍ॅम्बियंट कॅपॅबिलिटीज' म्हणून तेच कॅप नेट बाइंड सर्व्हिस. मुभा फक्त तुमच्या प्रोग्रॅमला. लाइट जाऊन आली तरी आपोआप उठेल. पुढं बाहेरून उघडायचं असेल, एचटीटीपीएस लागेल, तेव्हा पुढं एनजिनएक्स (आलेली मागणी प्रोग्रॅमकडे पोचवणारा वेब सर्व्हर) उभा करा आणि प्रोग्रॅम परत ८०८० वर न्या. आत्ता एवढ्यासाठी नको.

उद्यमनगरी
झालं! सर्व्हिस केली. आधी 'अ‍ॅड्रेस इन यूज' म्हणून अडली. मीच मघाशी सुडोनं सोडलेला प्रोग्रॅम ८० अडवून बसला होता. तो मारला. जुनं खोड काका, तुमचं पण खरं निघालं: त्या तासाभरात निघालेल्या तीन चलनांची पीडीएफ रूटच्या नावावर. मालक बदलून घेतला.

पप्पांनी नुसता आकडी पत्ता टाकला, उघडलं. लगेच भिंतीवरची दोन टिंबं आणि ८०८० पुसायला गेले. हातात लेथवरचं फडकं. आता तिथं ऑइलचा हा एवढा डाग आहे.