हायड्रोजनची ‘उत्क्रांती’ बरोबर की चूक?

रानवारा:
हरित हायड्रोजनवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात निकेलचा कॅथोड (विजेचं ऋण टोक), त्यावर पाण्यातून हायड्रोजन बाहेर पडतो, इंग्रजीत याला ‘हायड्रोजन इव्होल्यूशन’ म्हणतात. मी ‘मुक्त होणे’ लिहिलं, ते खोडून ‘हायड्रोजन उत्क्रांती’ करून आलंय. मला तर वाचताना डार्विनच दिसतो. काय लिहू?

भोसरीकर:
प्लेटिंगवाले आम्ही सरळ ‘गॅस सुटतो’ म्हणतो. जॉबवर, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूवर, निकेल बसताना थोडा हायड्रोजन सुटतोच, आणि बुडबुडा जॉबला चिकटून राहिला की तेवढ्या जागी निकेल बसत नाही, बारीक खड्डा राहतो, मग वेटिंग एजंट (बुडबुडा चिकटू न देणारं रसायन) टाका नाहीतर हवा सोडून बाथ, म्हणजे टाकीतलं द्रावण, ढवळा. वारा सुटतो, वास सुटतो, काकडीला पाणी सुटतं, तसा हायड्रोजन सुटतो. एवढा चांगला शब्द असताना संस्कृत कशाला?

जुनी_वही:
उत्क्रांतीला एवढ्यात काढू नका. उत् + क्रम्, म्हणजे वर किंवा बाहेर जाणं. ब्रह्मसूत्रांत ‘उत्क्रान्तिगत्यागतीनाम्’ आहे, तिथे उत्क्रांती म्हणजे जीवाचं देहातून बाहेर पडणं. डार्विन नंतरचा! लॅटिनमध्येही मूळ अर्थ गुंडाळी उलगडणं असाच आहे.

रानवारा:
व्युत्पत्ती पटली, पण आजचा वाचक तसं वाचणार नाही हो. ‘सुटणे’ आवडलं. आधी हायड्रोजनचा अणू निकेलवर चिकटतो (व्होल्मर पायरी), मग असे दोन अणू जोडीने (टाफेल) किंवा एक अणू पाण्याचा रेणू आणि इलेक्ट्रॉन घेऊन (हेरॉव्स्की) रेणू होऊन सुटतो. पण या चिकटण्याला ‘अधिशोषण’च म्हणायचं का?

अर्धा_चहा:
हो, पुस्तकात तेच आहे. मी शिकवते, पण ‘शोषण’ आलं की मुलांना स्पंजच आठवतो, दरवर्षी तेच. ‘पृष्ठशोषण’नेही फरक पडत नाही.

भोसरीकर:
मग ‘चिकटणे’ म्हणा ना!

जुनी_वही:
‘चिकटणे’ डिंकाचंही असतं, शास्त्रात नेमका शब्द लागतो. शिवाय कॅथोड बराच काळ चालला की हायड्रोजन निकेलच्या आतही शिरतो, हायड्राइड (निकेल आणि हायड्रोजनचं संयुग) होतं आणि तेवढ्याच करंटला व्होल्टेज जास्त लागायला लागतं. वर बसणं वेगळं, आत जाणं वेगळं, दोन शब्द हवेतच.

भोसरीकर:
आत जातो ते ‘मुरणं’. लोणच्यासारखं.

अर्धा_चहा:
मुरणं छान आहे! आणि त्या जास्तीच्या व्होल्टेजला काय, अतिविभव की अधिविभव? कागदावर 25 अंशांना 1.23 व्होल्टला पाणी फुटायला हवं, कारखान्यातल्या सेलला 1.8 ते 2 लागतात.

जुनी_वही:
अधिविभव. ‘अति’ला दोषाची छटा आहे.

भोसरीकर:
अतिवृष्टी, अतिदक्षता… दक्षतेत कसला दोष?

जुनी_वही:
अतिदक्षता हा रुग्णालयांनी केलेला शब्द आहे, तो धरू नका.

रानवारा:
अहो, उद्या मजकूर द्यायचाय. उत्क्रांती ठेवू की काढू?

अर्धा_चहा:
काढाच. बाकी तुम्ही सगळे ‘निकेल’ लिहिताय, आमच्याकडे भांडीवाले ‘निकल’ म्हणतात. जर्मन खाणकामगार तांबं न देणाऱ्या खनिजाला ‘कुप्फरनिकेल’ म्हणायचे, निकेल म्हणजे खोडकर भूत. 1751 मध्ये क्रोनस्टेडने तसल्याच खनिजातून हा धातू वेगळा केला.

भोसरीकर:
आमच्याकडेही निकलच. ‘निकल मारून आण.’