विनोदाने म्हणे स्लॅशरचा खून केला!

रातकिडा (धागाकर्ता)

परवा एकांची लांबलचक पोस्ट वाचली आणि डोक्यात गेली. सार असं: १९९६ च्या 'स्क्रीम'ने स्लॅशरला (म्हणजे खुनी एकेकाला गाठून मारतो तो हॉररचा प्रकार) स्वतःवर हसायला शिकवलं आणि तिथेच हा प्रकार संपला. पात्रंच हॉररच्या गप्पा हाणायला लागली तर प्रेक्षक घाबरणार कशाला? खाली 'अगदी अगदी'ची रांग. तिथे तोंड उघडलं असतं तर माझा निकाल लागला असता, म्हणून इथे.

पहिलं म्हणजे, मेलेल्याचा खून कसा करणार? १९९१ च्या 'फ्रेडीज डेड'मध्ये 'एल्म स्ट्रीट' मालिकेतला खुनी फ्रेडी व्हिडिओ गेमचा ग्लोव्ह घालून पोराला भिंतींवर आपटतो आणि वर जाहिरातीची ओळ मारतो. खुनीच नकलाकार झाला होता. 'स्क्रीम'मध्ये दिग्दर्शक वेस क्रेव्हन आणि लेखक केविन विल्यमसन यांनी विनोद बळींच्या तोंडी दिला आणि सुरी मात्र गंभीर ठेवली.

सुरुवातीचा प्रसंग आठवा. ड्रू बॅरीमोर घरात एकटी, गॅसवर पॉपकॉर्नचं भांडं फुगतंय. फोनवरचा विचारतो, 'फ्रायडे द थर्टीन्थ'मधला खुनी कोण? ती जिवाच्या आकांताने ओरडते, जेसन! चूक. जेसन पुढच्या भागांतला, १९८० च्या पहिल्या भागात खुनी जेसनची आई असते. त्या एका चुकीवर बाहेर खुर्चीला बांधलेला तिचा मित्र जातो. हा फिल्मी क्विझचा विनोदच आहे ना? मग हसा की.

तिरशिंगराव

ती रांग लावणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा उत्तर देणं आलं.

पहिला प्रसंग उत्तम. वादच नाही. पण पुढे सिनेमावेडा रँडी पार्टीत टेप थांबवून हॉररमध्ये जगायचे नियम सांगतो: सेक्स नाही, दारू-ड्रग्ज नाही, 'आलोच हं' म्हणायचं नाही. तिथून पुढे प्रेक्षक घाबरत नाही, हिशोब मांडतो. हा जाणार, ही राहणार.

१९७८ चा 'हॅलोविन' घ्या. मुखवटेवाला खुनी मायकल एका पोराला सुरीने दाराला टाचतो आणि मान तिरकी करून नुसता बघत राहतो. कुणी शहाणपणा करत नाही. तिथे एखादा 'हे तर सिनेमासारखं चाललंय' म्हणाला असता तर मी उठून चहाला गेलो असतो.

आणि सुरी गंभीर ठेवली म्हणता? शेवटी दोन खुन्यांपैकी एक, स्टू, 'आई-बाबा जाम चिडणार' म्हणून भोकाड पसरतो, ते काय गंभीर?

रातकिडा

तिरशिंगराव, स्टू ते म्हणतो तेव्हा भोसकलेला असतो, अंगातलं रक्त वाहून चाललेलं असतं. दोन पोरांनी माणसं मारली आणि त्यातल्या एकाला घरी ओरडा बसेल याची काळजी. मला तर ते मायकलच्या मुखवट्यापेक्षा जास्त भयानक वाटतं.

आणि तुमचा हिशोब चुकतोच की! नायिका सिडनी नियम मोडते आणि जगते. नियम सांगणारा रँडी पुढच्याच भागात भरदिवसा व्हॅनमध्ये मरतो. आणि त्याच पार्टीतलं बघा: हा सोफ्यावर बसून 'हॅलोविन'मधल्या जेमी ली कर्टिसला 'जेमी, मागे बघ!' ओरडतोय, आणि याच्याच मागे मुखवटेवाला उभा. बाहेर बातम्यांच्या व्हॅनमधला कॅमेरामन घरात लपवलेल्या कॅमेऱ्यातून ते पडद्यावर बघून तेच ओरडतो. चित्र तीस सेकंद उशिरा येतंय हे लक्षात येईपर्यंत खुनी व्हॅनपाशी पोचलेला असतो. मी हसलो होतो आणि पुढच्या क्षणाला गप्प बसलो होतो.

खारीचा_वाटा

तुम्हा दोघांच्या मते स्वतःवर हसणारा स्लॅशर १९९६ ला सुरू होतो वाटतं. 'फ्रायडे द थर्टीन्थ' मालिकेतलाच १९८६ चा 'जेसन लिव्ह्ज' बघा. थडगी खणणारा म्हातारा थेट कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो की काही लोकांच्या करमणुकीच्या कल्पना विचित्रच असतात. एक बाई रस्त्यात जेसनला बघून 'मुखवटेवाला कधीच भला नसतो, हे मी सिनेमात पुष्कळ बघितलंय' म्हणते आणि मरते. तिचं क्रेडिट कार्ड डबक्यावर तरंगत राहतं. 'स्क्रीम'च्या दहा वर्षं आधी. चालू द्या.

मुक्काम_आंबोली

माझ्या मते खरा गुन्हेगार भलताच आहे: मोबाइल. 'स्क्रीम'मध्ये सिडनीचा बॉयफ्रेंड बिली याच्या खिशातून मोबाइल पडतो म्हणून शेरीफला संशय येतो, पोराकडे फोन कशाला? काय दिवस! आता लेखकाला मोबाइलचं काय करावं कळत नाही, म्हणून प्रत्येक सिनेमात पोरगी हात वर करून फिरते: रेंज नाही. यापेक्षा मोठा आळस दाखवा.

सड्यावरची

आळस? शहरात बसून बोलायला काय जातं?

आमच्या वाडीत घरात आजही एक कांडी येत नाही. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं त्या रात्री पाऊस धो धो, लाइट गेलेली, आणि मी नळपाणी योजनेच्या टाकीची शिडी चढून १०८ ला फोन लावत होते. वर पोचल्यावर लागला, पत्ता सांगताना कट झाला. परत लावला. खाली आई हाका मारतेय, ती काय म्हणतेय ऐकू येत नाही. पडद्यावर पोरगी फोन वर धरते तेव्हा तुम्ही जांभई द्या. माझ्या पोटात अजून गोळा येतो.

मुक्काम_आंबोली

ताई, वडील बरे आहेत ना? बाकी मी शहरात नाही, नावात गाव आहे माझ्या. आणि तुमच्या अनुभवाने पटकथा चांगली होत नाही.

सड्यावरची

आहेत बरे. आणि तुमच्या जांभईने वाईट होत नाही.

न्यूजर्सीकर

इथे जंगलात कँपिंगला गेलो की आम्हालाही रेंज नसते, त्यामुळे ताईंना अनुमोदन. आंबोलीकरांना विनंती, एक रात्र येऊन राहा.

मुक्काम_आंबोली

तिकीट पाठवा, येतो. मुखवटा माझा मी आणेन.

तिरशिंगराव

लोकहो, धागा टाकीवरून खाली आणता का? तरी सड्यावरची यांनी नकळत माझीच बाजू मांडली. त्यांना भीती वाटते, कारण पडद्यावरच्या पोरीला ती सिनेमात आहे हे माहीत नसतं. तिने फोन वर धरून 'आता रेंज जाणार बघा, नेहमीचंच' असा टोमणा मारला असता तर?

सड्यावरची

मी कुणाची बाजू मांडलेली नाही. माझं नाव तुमच्या हिशोबात धरू नका.

रातकिडा

मग तात्या विंचूचं काय? 'झपाटलेला' १९९३ चा, अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'वर बेतलेला. लक्ष्या अख्खा सिनेमा हसवतो, तरी आमच्या आळीतली पोरं बोलक्या बाहुल्या पलंगाखाली ढकलून झोपायची. हसणं आणि घाबरणं एकत्र नांदतं.

तिरशिंगराव

नांदतं. पण लक्ष्याला माहीत नसतं की तो सिनेमात आहे! तो बिचारा खरोखर गांगरलेला असतो. प्रेक्षक हसतो, लक्ष्या नाही. विनोद मला चालतो हो. डोळा मारून केलेला चालत नाही.

रातकिडा

हे लिहिताना बोटं दुखतायत, पण मुद्दा बिनतोड आहे. २०२२ च्या 'स्क्रीम'मध्ये मंडळी दिवाणखान्यात बसून जुन्या मालिकांचं पुनरुज्जीवन कसं करतात यावर परिसंवाद घेतात, तिथे मीही घड्याळ बघितलं होतं. तेवढ्या भागापुरता मी तुमचा. १९९६ सोडणार नाही. तिथे ज्ञान पाजळणारी मरत होती.

तिरशिंगराव

एका भागाची शरणागती मिळाली. उरलेले हप्त्याने घेतो.

खारीचा_वाटा

१९८२ चा 'स्लंबर पार्टी मॅसॅकर' कुणीच काढला नाही? रीटा मे ब्राउन यांनी विडंबन म्हणून लिहिला आणि चित्रित झाला सरळ चेहऱ्याने. म्हणजे पात्रांना पत्ता नाही, पण संहितेला आहे. आता हा कुणाच्या खात्यात?

रातकिडा

माझ्या.

तिरशिंगराव

माझ्या! पात्रांना पत्ता नाही, हे आत्ताच लिहिलंय ना वर?